पार्किंग लाइट लावले की फ्यूज उडतो: शॉर्ट शोधायचा कसा

भाऊ, आधी एक गोष्ट. वायरमन म्हणाला म्हणून 10 च्या जागी 20 अँपिअरचा फ्यूज टाकू नका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2006 ची पिकअप आहे. पार्किंग लाइट लावले की लाल, म्हणजे 10 अँपिअरचा फ्यूज उडतो, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी, आणि आतापर्यंत आठ फ्यूज गेले. आता हिशेब बघा. पार्किंगचे चार बल्ब पाच-पाच वॉटचे, नंबर प्लेटचा एक, मीटरमागचे बारके दोन-चार. सगळे मिळून तीन-साडेतीन अँपिअरच्या वर जात नाहीत. म्हणजे 10 चा फ्यूज कमी पडत नाहीये, कुठेतरी उघडी वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकतेय. यालाच शॉर्ट म्हणतात. 20 चा टाकलात तर अर्धवट टेकलेल्या वायरीतून बारा-पंधरा अँपिअर खुशाल वाहतील, फ्यूज शाबूत राहील आणि वायर तापत जाईल. ती वायर डॅशबोर्डमागे बाकी वायरींच्या गठ्ठ्यातून जाते. गाडी पेटते ती अशीच.

उडालेल्या आठांपैकी एक फ्यूज घ्या. त्याच्या दोन पायांना दोन वायरी सोल्डर करा, दुसऱ्या टोकांना होल्डर लावून 21 वॉटचा साधा इंडिकेटरचा बल्ब बसवा. हा फ्यूज खाचेत खोचा आणि पार्किंगचं बटण चालू करा. आता कितीही शॉर्ट असला तरी दोन अँपिअरच्या आतच करंट जाईल. वायर तापणार नाही, फ्यूज फुकट जाणार नाही, आणि तुम्ही निवांत शोधत बसू शकता. फक्त ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) फ्यूजवर हा प्रयोग करू नका.

यात एक मेख आहे. पार्किंगचे बल्ब जागेवर असतील तर शॉर्ट नसतानाही आपला बल्ब मिणमिणतो, कारण करंट त्यांच्यातून जातोच. म्हणून पार्किंगचे, नंबर प्लेटचे, मीटरमागचे सगळे बल्ब काढून ठेवा. मग बल्ब पेटला म्हणजे शॉर्टच. मल्टिमीटरचा बजर (वाट जुळलेली असली की वाजतो तो) लावणारेही इथेच फसतात. थंड बल्बची फिलामेंट जेमतेम दोन-तीन ओहमची असते, बजर तिच्यातूनच वाजतो आणि माणूस चांगली वायर सोलत बसतो.

बल्ब पेटलेला असताना एकेक कनेक्टर काढा. सुरुवात केबिनच्या मागे, जिथून हौद्याकडे वायरिंग जातं तिथून. तो काढल्यावर बल्ब विझला तर दोष मागे. नाही विझला तर पुढच्या लाइटचा कनेक्टर, मग मीटरचा. बल्ब सुरुवातीलाच विझलेला असेल तर शॉर्ट सध्या टेकलेला नाही. मग वायरिंग हातभर हातभर हलवत जा आणि सोबतीला एक जण बल्बकडे बघत बसू द्या. लुकलुकला की हात तिथेच थांबवा.

एक विचारायचं राहिलं: फ्यूज भरलेल्या गाडीतच उडतो का? माझ्या पिकअपला अगदी हेच झालं होतं. रिकामी परतताना काही नाही, टोमॅटोची क्रेट भरून निघालो की घाटात टेल लाइट बंद. जागेवर उभ्या गाडीत तीन दिवस शोधलं, काही मिळालं नाही. शेवटी माल भरलेल्या गाडीखाली सतरंजी टाकून शिरलो. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले होते, ॲक्सल वर आला होता आणि चेसिसच्या आडव्या पट्टीवरची क्लिप गंजून तुटल्यामुळे वायरिंग त्या पट्टीच्या कडेवर ताणलं गेलं होतं. टेप बाजूला केली तर आत तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडी, तांबं हिरवं पडलेलं, आणि पट्टीवर बरोबर समोर काळा डाग. गाडी रिकामी झाली की ती वायर दोन बोटं खाली लोंबायची, म्हणून तीन दिवस काही दिसलं नाही.

त्यामुळे तुम्हीही आधी ॲक्सलच्या वरचा भाग बघा, मग फाळक्याजवळचे टेल लाइटचे होल्डर. तिथे चिखल-पाणी बसतं आणि गंजलेली पट्टी वाकून बॉडीला लागते. नंतर कुणी जोडलेली एलईडी पट्टी किंवा हौद्यातला दिवा असेल तर त्याचे जॉइंट उघडून बघाच. आठ-दहा उन्हाळे काढलेल्या टेपचा डिंक सुटतो आणि आतला जॉइंट उघडा पडतो.

सापडल्यावर नुसती टेप गुंडाळून सोडू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करा, हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, वरून नालीदार पाइप घाला. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच. क्लिपा नव्या मारा, आणि पाटे दबल्यावरही ताण येणार नाही एवढी ढील ठेवा. मग 10 चाच फ्यूज टाका.

कोणता कनेक्टर काढल्यावर बल्ब विझला आणि गाडी तेव्हा भरलेली होती की रिकामी, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.