नदी निळ्या प्लास्टिकसारखी का दिसते, आणि यात करिअर आहे का?

तुझं पत्र आणि सोबतची तिन्ही चित्रं नीट बघितली. कराड, बारावी सायन्स, वर्षभर रात्री जागून टेराजेन या निसर्गदृश्यं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनवर डोंगर नि नद्या बनवतेस, बाबा म्हणतात सिव्हिलला जा, एका क्लासवाल्यांनी दोन लाख फी सांगितलीये आणि तुझा खरा त्रास हा की डोंगर मस्त जमतात पण नदी "निळं प्लास्टिक अंथरल्यासारखी" दिसते. यात करिअर होतं का असं विचारलंयस. आधी नदीचंच बोलते, कारण करिअरचं उत्तर तिथूनच निघतंय.

तू पाण्याचा रंग बदलत बसलीस, पण घोळ आहे तो जमिनीत. टेराजेनमधलं लेक ऑब्जेक्ट म्हणजे एकाच उंचीवरचं सपाट पाणी. तळ्याला ते चालतं, पण नदी उतारावरून येते ना, म्हणून तुझ्या पहिल्या चित्रात वरच्या अंगाला नदी मधेच गायब होते आणि खाली दोन्ही काठ बुडालेत. आधी पात्र जमिनीत कोरायचं आणि मग पाण्याचा पृष्ठभाग त्या उताराबरोबर खाली खाली आणायचा, त्यासाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह (वळणदार रेघ) काढून त्यावर पाण्याची पट्टी बसवणं मला तरी सोपं वाटतं, आणि ब्लेंडर फुकट आहे.

दुसऱ्या चित्रात पाण्याला पायऱ्या दिसतायत, त्याचं कारण तू हाइटमॅप (जमिनीची उंची साठवणारं चित्र) 8 बिटमध्ये सेव्ह केलास. 8 बिटमध्ये उंचीच्या फक्त 256 पायऱ्या मिळतात. तुझा डोंगर 500 मीटरचा असेल तर एक पायरी जवळजवळ दोन मीटरची झाली, आणि सपाटीला आलेली नदी किलोमीटरभरात कधीकधी मीटरभरसुद्धा उतरत नाही, मग ती गुळगुळीत दिसणार कशी? 16 बिटमध्ये 65,536 पायऱ्या असतात, तेवढ्यानेच निम्मं काम होईल. आणि हो, तू वापरलेला एसआरटीएमचा जमिनीच्या उंचीचा डेटा फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलमधून रडारने मोजलेला आहे, साधारण 30 मीटरला एक उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही, त्यामुळे तो तुलाच करावा लागणार.

तिसऱ्यात नदी खाली जाताना दोन वाटांनी फुटून निघून गेलीये. समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात असं होतं, पण डोंगरात बेटाभोवती फुटली तरी पुढे परत एक होते.

आता एक काम कर, रविवारी सकाळी प्रीतिसंगमावर जा, दोन तास, मोबाईल फक्त फोटोसाठी. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग पूर्वेला वळतात, असं जगाच्या पाठीवर फार कमी ठिकाणी दिसतं आणि ते तुझ्या घराजवळ आहे! दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का बघ. पायाजवळचं पाणी बघ, तळ दिसेल, आणि मग मान वर करून लांबचं बघ, तिथे नुसतं आकाश दिसेल, कारण सरळ खाली बघताना पाणी साधारण दोन टक्केच उजेड परत फेकतं आणि नजर तिरकी होत गेली की आरसा होतं. काठाची ओली काळपट पट्टी बघ, झुडपात अडकलेला पुराचा कचरा बघ. ही ओली पट्टी तुझ्या एकाही चित्रात नाहीये आणि नदी प्लास्टिकसारखी दिसायचं मोठं कारण तेच आहे. वळणावर बाहेरचा काठ कापलेला असतो, आतल्या बाजूला वाळू साठते, हेही लक्षात ठेव.

आता करिअर. हो, आहे, पण "नद्या बनवणारी" अशी पोस्ट नसते. तुला जमीन, काठ, दगड, झाडं रचायला आवडत असेल तर ते एन्व्हायर्नमेंट आर्टिस्टचं काम, गेम आणि व्हीएफएक्स (सिनेमातले कॉम्प्युटरवर केलेले देखावे) दोन्हीकडे असतं. पाणी दगडावर आपटून फेस कसा होतो यात जीव रमत असेल तर ते एफएक्सचं (पाणी, धूर, आग यांच्या हालचालींचं) काम, त्यात हूडिनी नावाचं सॉफ्टवेअर लागतं (शिकायला अप्रेंटिस व्हर्जन फुकट आहे) आणि फिजिक्स-मॅथ्स चांगलं लागतं, जे तुझ्याकडे आहे. आणि पाणी खरंच कुठवर चढेल हे काढावंसं वाटत असेल तर बाबांचं सिव्हिल अजिबात वाईट नाही. तोच उंचीचा डेटा घेऊन हेक-रास नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पुराचे नकाशे करतात, आणि 2019 चा पूर बघितलेल्या मुलीला त्या कामाचं मोल मी काय सांगू. तिन्हीपैकी कशात तुला वेळेचं भान राहत नाही, ते मला कळव.

डिझाइनचं मनात असेल तर यूसीड (आयआयटीसारख्या संस्थांमधल्या डिझाइनची) आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट या दोन्ही प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेला चालतात, फॉर्मच्या तारखा आत्ताच बघून ठेव.

दोन लाख मात्र आत्ता भरू नकोस, ही माझी स्पष्ट विनंती आहे. ज्या गोष्टी वर सांगितल्या त्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतात, आणि स्टुडिओवाले सर्टिफिकेटच्या आधी काम बघतात. वीस डोंगरांपेक्षा एकच नदी कर, उगमापासून संगमापर्यंत, बोर्डाची परीक्षा झाल्यावर तीन महिने घे, आणि प्रत्येक टप्प्याचे स्क्रीनशॉट ठेव, पोर्टफोलिओत ते लागतात.

बाबांना हे पत्र वाचायला दे, त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला जरूर लिहावं. नवीन चित्र झालं की पाठव, यावेळी जुलैमधली कृष्णा कर, गढूळ, तांबूस, काठाला लागलेली.