पोत म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?
आमच्या नागपुरात गांधीबागेत कापड घ्यायला गेलं की आई आधी बोटांमध्ये चोळून पाहते अन् म्हणते पोत चांगला आहे, तर हाच मूळ अर्थ, कापडाची वीण आणि तिचा हाताला लागणारा स्पर्श. संस्कृतात पोत म्हणजे वस्त्र, प्राकृतात पोत्त, सारवायचं पोतेरं त्याच घरातलं. जमिनीचा पोत नंतरचा, त्यात वाळू, गाळ आणि चिकणमातीचं प्रमाण बघतात, चिकणमातीचा कण 0.002 मिमीपेक्षा बारीक, म्हणून आपली काळी माती ओली झाली की चपलेला चिकटते. गळ्यातली मण्यांची पोत मात्र स्त्रीलिंगी, ती पोत, तो पोत नव्हे! आणि टेक्स्चर म्हणण्यापेक्षा पोत म्हणा ना, किती नेमका शब्द आहे.