पुण्यात भाड्याची घरं राहायला सुरक्षित आहेत का, याची तपासणी महापालिकेने सुरू करायची म्हटलं तर माणसं आणि पैसा आणायचा कुठून?

पैसा आधीच येतोय. तेवढं आधी सांगते.

पुण्यात स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती गेली. २०२३ मध्ये सवलत पुन्हा लागू झाली तेव्हा घरात आपण स्वतः राहतो हे सांगणारा पीटी-३ फॉर्म भरायला किती धावपळ झाली होती, आठवत असेल. म्हणजे भाड्याच्या घरांकडून महापालिका जास्त कर घेते आणि कुठल्या घरात मालक राहत नाही याचा अंदाजही तिला त्यातूनच येतो. त्या जादा करातला थोडा हिस्सा त्याच घरांच्या तपासणीला ठेवा. नवा कर लावायची गरजच नाही.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय ते सांगते. २०१५ च्या डिसेंबरात आम्ही तिघी धनकवडीत राहायचो. वन बीएचके, भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस. मालकांनी आमचे फोटो, आधार, कंपनीची पत्रं, गावचा पत्ता, वडिलांचे नंबर, सगळं घेतलं. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय किल्ली दिली नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण बाथरूममध्ये गॅस गिझर होता, आणि डक्टकडची खिडकी कबुतरं घाण करतात म्हणून अ‍ॅक्रिलिकची शीट सिलिकॉनने चिकटवून कायमची बंद केलेली होती. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका रविवारी रूममेट केस धुवायला गेली. वीस मिनिटं झाली तरी पाण्याचा आवाज तसाच. हाका मारल्या, उत्तर नाही. कडी आतून. शेजारच्या काकांनी धडका देऊन दार उघडलं तेव्हा ती बादलीवर आडवी पडली होती. गिझर चालूच, आणि त्याच्या छोट्या भोकातून दिसणारी ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. तो पिवळा रंग माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. काकूंनी तिला चादरीत गुंडाळून गॅलरीत आणलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड, बंद जागेत गॅस नीट जळला नाही की होणारा विषारी वायू, याला वास नसतो.

मालक काय म्हणाले? "अंघोळ करताना दार किलकिलं ठेवायचं ना." आणि घर सोडताना डिपॉझिटमधून दाराचे पैसे कापले. मी तक्रार घेऊन दोन सरकारी कचेऱ्या फिरले, दोन्हीकडे एकच उत्तर: हे तुमचं आपसातलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे, नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून भाड्यातून वळती करायची सोयही आहे. पण लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर आपण भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, म्हणजे नुसती राहायची परवानगी असलेले; मग ही सोय आपल्या कामाची नाही. आमच्या गावच्या पत्त्यापर्यंत सगळं तपासलं गेलं. गिझर कुणीही तपासला नाही.

आता माणसं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आल्यापासून क्षेत्रीय कार्यालयांतल्या अभियंत्यांना आहे तेच काम उरकत नाही, त्यांच्या गळ्यात हे मारू नका. सिव्हिल डिप्लोमावाला एक आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन एक, अशी जोडी करा. रोज ५ घरं, महिन्याचे २० दिवस धरले तर एका जोडीची वर्षाला १,२०० घरं होतात. १५ कार्यालयांत प्रत्येकी दोन जोड्या धरल्या तर ३६,०००. सगळं शहर यात बसणार नाही, म्हणून क्रम लावायचा. अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये धोक्याप्रमाणे पाळी ठरते: चांगली इमारत ८ वर्षांनी, मधली ५ वर्षांनी, वाईट दरवर्षी. इथे सुरुवात कॉट बेसिसवाल्या, म्हणजे खाटेमागे भाडं घेणाऱ्या खोल्यांपासून आणि गॅस गिझरवाल्या घरांपासून करा.

माझे मामा म्हणतात, इन्स्पेक्टर दारात आला म्हणजे पाकीट आलंच. कोथरूडला त्यांचे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, दहा वर्षं आमचा हाच वाद चालू आहे. मामा, पाच गोष्टी बघायच्या आहेत: गिझर कुठे आहे, खिडकी उघडते का, अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), टाकीचं झाकण, जिना मोकळा आहे का. प्रत्येकाचा फोटो, खाली भाडेकरूची सही, आणि तो कागद करारनाम्याला जोडायचा. चिकटवलेल्या खिडकीच्या फोटोखाली भाडेकरू "उघडते" म्हणून सही करणार नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. घर नापास झालं म्हणून राहणाऱ्याला बाहेर काढायचं नाही. मालकाला मुदत द्या, नाहीतर नव्या हद्दीतल्या स्वस्त खोल्यांतली माणसं भीतीने दारच उघडणार नाहीत. आणि पेठांतले पागडीचे, जुन्या नाममात्र भाड्याचे वाडे यात घेऊ नका, तिथल्या भाड्यात मालकाच्या हातून कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत, त्यांचा प्रश्न निराळा आहे. दुरुस्तीचा खर्च मालक भाड्यात चढवणार हेही खरं. महिन्याला पन्नास रुपये जास्त मी खुशाल दिले असते.

मामांच्या एका फ्लॅटमध्ये गिझर अजून बाथरूममध्येच आहे. दिवाळीत मी म्हटलं, बाहेर गॅलरीत काढून घेऊ, प्लंबरचे पैसे मी देते. "बघू" म्हणाले. जूनमध्ये तिथे नवीन मुलं राहायला येतील, त्याआधी मी पुन्हा जाणार आहे.