वाचकांचे प्रश्न : यंत्रावरचे २० बार आणि घरातली चार कप कॉफी

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे सकाळी चार कप कॉफी लागते आणि ती चारही जणांना दुधाचीच लागते. मुलगा बंगळुरूहून परत आल्यापासून स्टीलचा फिल्टर बाजूला ठेवून एस्प्रेसोचे यंत्र घ्यावे असा आग्रह धरून बसला आहे. ४०,००० रुपयांपर्यंत खर्चाची आमची तयारी आहे. दुकानात एका यंत्रावर १५ बार आणि दुसऱ्यावर २० बार असे छापले होते. २० बारचे यंत्र अधिक चांगले, असे विक्रेत्याचे म्हणणे पडले. आपला सल्ला काय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली दाट कॉफी, आणि बार हे त्या दाबाचे माप. विक्रेत्याने सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो कॉफीचा नसून पंपाचा आहे. घरगुती यंत्रातला छोटा पंप, पुढची वाट जवळजवळ बंद असताना, जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, एवढेच त्यातून कळते. कॉफीच्या पुडीतून पाणी जाताना मात्र ९ बारच्या आसपासचा दाब पुरतो, आणि तो फार वाढला तर पूड घट्ट दबून पाणी मिळेल त्या फटीतून वाट काढते, मग त्याच कपात कॉफी कडूही लागते आणि आंबटही.

हा ९ बारचा मापदंड कुठून आला, हे थोडक्यात सांगतो. लुइजी बेझेरा यांनी मिलानमध्ये १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते वाफेच्या जोरावर चालत असे आणि त्याचा दाब जेमतेम दीड बारच्या घरात राही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, अकिले गाज्जा यांची दांडा ओढून चालवायची यंत्रे आली. त्यांतली स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटत असे आणि त्यामुळे दाब ८-९ बारपर्यंत चढून कॉफीवर ती तांबूस साय, म्हणजे क्रेमा, दिसू लागली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने हेच काम विजेच्या पंपावर सोपवले. आजच्या चांगल्या घरगुती यंत्रांत एक झडप असते आणि जादा दाबाचे पाणी ती टाकीत परत सोडते. म्हणून दुकानात ‘किती बार?’ असे न विचारता ‘दाब रोखणारी झडप आहे का, आणि ती किती बारवर लावलेली आहे?’ असे विचारावे. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर तेही उत्तरच समजावे.

दुसरी परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते. मुठीच्या भांड्यात, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, कॉफी भरायची जी जाळीची वाटी बसते, ती काढून उलटी करावी आणि उजेडाकडे धरावी. तळाला शेकडो बारीक छिद्रांतून उजेड दिसला, तर ती खरी वाटी आहे. आतून जाळी दिसते, पण बाहेरून तळाशी टाचणीच्या टोकाएवढे एकच भोक आहे, असे दिसले तर ती दुहेरी तळाची वाटी होय. तिच्यात दाब कॉफीच्या पुडीमुळे न येता त्या भोकामुळे येतो आणि कपावर जो जाड फेस दिसतो तोही बव्हंशी त्या भोकाचाच असतो. तयार दळलेली पूड वापरणाऱ्याला ही वाटी सोयीची आहे, त्यामुळे तिला मी फसवणूक म्हणणार नाही. मात्र यंत्रासोबत साधी वाटी मिळत नसेल आणि वेगळीही घेता येत नसेल, तर पुढे चव सुधारायला वाव उरत नाही. वाटीचा व्यासही पाहून ठेवावा. कॅफेतल्या बहुतेक यंत्रांचा ५८ मिलिमीटर असतो, घरगुती यंत्रांचा ५१ किंवा ५४. लहान व्यासाने कॉफी बिघडत नाही, पण ५८ च्या वाट्या आणि पूड दाबायचे ठोकळे सहज मिळतात.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. आपल्या पत्रात दळणाचा उल्लेखच नाही, आणि ४०,००० रुपयांचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा. मिक्सर दाण्यावर पात्याचा मार देतो, त्यामुळे काही पूड पिठासारखी आणि काही रव्यासारखी निघते. जाते दाण्याला दोन तळ्यांच्या, म्हणजे चकत्यांच्या, मध्ये धरून दळते आणि त्या तळ्यांमधले अंतर आपल्या हातात असते. कॉफीचा चांगला ग्राइंडर म्हणजे पोलादी तळ्यांचे छोटे जातेच असते. एस्प्रेसोला हे अंतर केसाएवढ्या फरकाने कमीजास्त करावे लागते, कारण पुडीच्या जाडीवरच पाणी किती वेळात उतरेल हे ठरते. मी स्वतः पहिल्यांदा यंत्र घेतले तेव्हा सगळे पैसे यंत्रातच घातले आणि आठ महिने दुकानातून दळून आणलेली पूड वापरली. कधी कॉफी नळाच्या पाण्यासारखी दहा सेकंदांत वाहून जाई, कधी पंप नुसता घुमत राही आणि कपात चार थेंब पडत, आणि मी दोष मात्र यंत्राला देत राहिलो. पुढे हाताने फिरवायचा एक चांगला ग्राइंडर घेतला, तेव्हा तेच यंत्र आठवडाभरात वळणावर आले.

वळणावर येणे म्हणजे काय, तेही पाहू. वाटीत १८ ग्रॅम पूड घ्यावी, बोटाने सारखी करून सपाट दाबावी, कपाखाली वजनकाटा ठेवावा आणि बटण दाबताच सेकंद मोजायला लागावे. सहा-आठ सेकंद काहीच येत नाही. मग गडद तपकिरी थेंब जमतात, त्यांची पाकासारखी बारीक धार होते, धारेचा रंग हळूहळू सोनेरी होत जातो, आणि काट्यावर ३६ ग्रॅम भरले की यंत्र थांबवावे. एवढ्याला पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद लागले, तर दळण जमले. १५ सेकंदांतच झाले तर पूड आणखी बारीक करावी आणि ४५ लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय चुकले हे कधीच समजत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालपर्यंत जमलेले दळण बिघडते आणि ग्राइंडरची खूण थोडी सरकवावी लागते, याचाही धसका घेऊ नये.

म्हणून ४०,००० पैकी तिसरा हिस्सा तरी ग्राइंडरसाठी आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात बसेल ते यंत्र घ्यावे. हाताचा ग्राइंडर घेतला तर कमी पैशांत विजेच्या ग्राइंडरच्या तोडीचे दळण मिळते. मात्र १८ ग्रॅमसाठी मिनिटभर जोर लावावा लागतो आणि आपल्याकडे हे रोज दोनदा करावे लागेल. ज्या मुलाचा आग्रह आहे त्याच्याकडेच हे काम द्यावे, असे माझे मत आहे.

दोनदा का, तर १८ ग्रॅमच्या एका घाण्यात दोन कपांपुरती कॉफी निघते आणि आपल्याला चार कप हवे आहेत. या हिशेबाने रोज ३६ ग्रॅम, म्हणजे पाव किलोचे पाकीट सात दिवसांत संपते आणि महिन्याला किलोहून थोडी अधिक कॉफी लागते. यंत्राचा खर्च एकदाच होतो, हा दर महिन्याला होणार आहे, तेव्हा आपल्या दुकानातल्या दराने गुणाकार करून मगच यंत्राचे ठरवावे. पाकिटावर भाजल्याची तारीख असलीच पाहिजे. भाजल्यानंतर आठवडाभर थांबून पुढच्या महिनाभरात कॉफी संपवावी. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या यंत्रात घालू नये.

चारही कप दुधाचे असल्याने वाफेची नळीही तेवढीच महत्त्वाची ठरते. आपल्या अंदाजपत्रकात दोन तऱ्हेची यंत्रे येतात. एकीत थर्मोब्लॉक असतो, म्हणजे तापलेल्या धातूतल्या अरुंद वाटेने पाणी जाता जाता गरम होते. असे यंत्र मिनिटाच्या आत तयार होते, पण स्वस्त यंत्रांत वाफेचा जोर कमी पडतो. दुसरीत एकच बॉयलर असतो. त्याचा दिवा पाच मिनिटांत लागला, तरी सगळा धातू तापायला पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात. कॉफीला पाणी ९३ अंशांच्या आसपास हवे आणि वाफेसाठी तेच पाणी सव्वाशे अंशांच्या पुढे न्यावे लागते. म्हणून आधी दोन्ही घाणे काढावेत आणि मग दूध वाफवावे. उलट केले तर पुढची कॉफी करपट लागते. दोन्ही कामे एकाच वेळी करणारी दोन बॉयलरची यंत्रे आपल्या रकमेत बसत नाहीत, आणि चार कपांसाठी त्यांची गरजही नाही.

दूध फ्रिजमधले थंडगार घ्यावे. फेस धरतो तो प्रथिनांमुळे, स्निग्धांशामुळे नाही. त्यामुळे ३ टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचा फेस सहज आणि हलका येतो, तर म्हशीच्या दुधाला चव भरदार असली तरी त्याचा फेस जड होतो आणि हात बसायला वेळ लागतो. भांड्याला तळहात लावून धरावा आणि चटका सोसेनासा झाला की वाफ बंद करावी. तेव्हा दूध ६० अंशांच्या थोडे पुढे गेलेले असते. आपल्या घरी चहा-कॉफी उकळत्या तापमानाचीच लागत असेल, तर मात्र कॅफेसारखी कॉफी कोमट वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. ज्येष्ठ मंडळींची पहिली तक्रार हमखास हीच असते.

फिल्टर माळ्यावर टाकू नका. रविवारी दहा पाहुणे आले की तोच उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. ती दिवाळीत येताना तिकडचे चांगले यंत्र स्वस्तात आणते म्हणते. आणू द्यावे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आणू देऊ नये. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. तिकडचे यंत्र नुसती पिन बदलून आपल्या भिंतीत लावले, तर त्यातली तापवायची कॉइल साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहील आणि क्षणात जळेल. १,४०० वॅटच्या यंत्राला व्होल्टेज उतरवणारा २,००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो विटांच्या ढिगासारखा जड असतो, ओट्यावर जागा अडवतो आणि सतत गुणगुणतो. शिवाय हर्ट्झ काही तो बदलत नाही, त्यामुळे ६० च्या तालावर बेतलेला पंप ५० वर वेगळाच चालतो. दुरुस्तीचा प्रश्न पुढे राहतोच. यंत्र युरोपातून येणार असते तर उत्तर वेगळे दिले असते, कारण तिकडची वीज आपल्यासारखीच आहे.

बहिणीचा हिरमोड करायचा नसेल, तर हाताने फिरवायचा उत्तम ग्राइंडर आणायला सांगा. त्याला ना व्होल्टची अडचण ना हर्ट्झची, आणि तो बॅगेत कपड्यांच्या घडीत बसतो. यंत्र इथलेच घ्या, आणि घेण्यापूर्वी ओट्यावरचा प्लग पाहा. १,४०० वॅट म्हणजे सहा अँपिअरहून अधिक प्रवाह, म्हणून लहान पिनांच्या सॉकेटवर यंत्र चालवणे योग्य नाही. त्याला मोठ्या तीन पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे, आणि मिक्सर-मायक्रोवेव्हच्या गर्दीत ते बहुधा आधीच अडलेले असते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि पिण्यासाठी आरओ आहे. यंत्रात कोणते पाणी घालावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : बोअरचे नुसते पाणी मुळीच घालू नये. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच यंत्राच्या बॉयलरमध्ये आणि अरुंद नळ्यांत बसतो, आणि घरगुती यंत्रे निकामी होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. पण आरओचे पाणी पुष्कळदा दुसऱ्या टोकाला गेलेले असते. क्षार फारच कमी असले तर कॉफी सपक लागते आणि असे पाणी धातूलाही सोसत नाही. ज्या यंत्रांत पाण्याची पातळी विद्युतवाहकतेवर ओळखली जाते, त्यांना तर टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे लिटरमागे मिलिग्रॅममधले प्रमाण) मोजायचे लहान उपकरण स्वस्तात मिळते. स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशनच्या शिफारशीत १५० च्या आसपासचे पाणी आदर्श मानले असून ७५ ते २५० चालते. आपल्या आरओला टीडीएस वाढवायचा स्क्रू असेल, तर तंत्रज्ञाकडून तो १०० च्या जवळ लावून घ्यावा. त्यासाठी आत मिसळले जाणारे बोअरचे पाणी फार जड असेल, तर स्क्रू तसाच ठेवून आरओच्या पाण्यात क्षार असलेले बाटलीबंद पाणी थोडे मिसळून पाहावे. थर काढायला व्हिनेगर वापरू नये, त्याचा वास आठवडाभर जात नाही. सायट्रिक ॲसिड चालते, परंतु बॉयलर ॲल्युमिनियमचा असल्यास आधी कंपनीची पुस्तिका वाचावी.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांपासून मोका पॉट आहे. आता खरे यंत्र घ्यावे का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : आपली कॉफी आपल्याला आवडते की नाही, हे आपण लिहिलेले नाही. आवडत असेल तर घेऊ नका. १९३३ पासून चालत आलेले, गॅसवर ठेवून कॉफी करायचे हे भांडे वाफेच्या दीड बारच्या आतल्या दाबावर चालते, म्हणून त्यातून एस्प्रेसो निघत नाही, पण जे निघते ते काही कमी प्रतीचे नसते. सहा वर्षांत रबराची कडी बदलली नसेल तर आधी ती बदला. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी भरा, पूड दाबू नका, गॅस बारीक ठेवा, आणि फुसफुस सुरू होताच भांडे उचलून तळ नळाखाली धरा. यानंतरही दाट, सायीची कॉफीच हवीशी वाटली, तर विजेच्या यंत्राआधी हाताच्या दांड्याने दाबायचे छोटे यंत्र पाहा. त्यात ९ बारचा दाब आपलाच हात देतो, आणि पावसात वीज गेली तरी गॅसवर पाणी तापवून काम होते.