उत्तराखाली ओळ दाखवता आली पाहिजे

तुझा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तू दारव्ह्याजवळच्या गावची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, यवतमाळला खासगी दवाखान्यात नोकरीला. इंग्लंडला नर्स म्हणून यायचं आहे. त्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावात लिसनिंग आणि स्पीकिंग जमतं, पण रीडिंग नऊपैकी सहावर अडकलंय अन् तिसऱ्या उताऱ्याला वेळच उरत नाही. बाबा सोयाबीन विकून नागपूरच्या क्लासची फी भरायला तयार आहेत. क्लास लावू का, की आयईएलटीएस सोडून ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षाच देऊ, असं तू विचारलंस. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. मीही दिग्रसकडचीच, आता लीड्सला मेडिकल वॉर्डवर आहे.

आधी हिशोब नीट समजून घे. इथे नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसची अकॅडमिक परीक्षाच लागते, जनरल चालत नाही. रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५. रीडिंगचे ४० प्रश्न, ६० मिनिटं, तीन उतारे, आणि तिन्ही मिळून २१५० ते २७५० शब्द. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकलं तर काही कापत नाहीत. साधारण २३ बरोबर आले की ६ येतात, साधारण ३० आले की ७. पेपरनुसार एखादा गुण इकडेतिकडे होतो. म्हणजे तुला सगळा पेपर नव्याने शिकायचा नाहीये. सात प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत, एवढंच. ते सात कुठे सांडतात हे शोधायचं आहे.

त्यातले एक-दोन तर आजच मिळतील. तिसऱ्या उताऱ्याचे प्रश्न तू कोरे सोडतेस असं लिहिलंस. काहून सोडतेस? गुण कापत नाहीत, मग एकही जागा रिकामी राहता कामा नये. शेवटच्या मिनिटाला अंदाजाने का होईना, सगळं भरून टाकायचं. कागदावर परीक्षा असली तरी रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. लिसनिंगला तो मिळतो, त्यामुळे बऱ्याच जणींचा इथे घोटाळा होतो. त्याच ६० मिनिटांत उत्तरपत्रिकाही भरलेली पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. आपण शाळेत धडा आधी पाठ करायचो आणि पेपरात प्रश्न दिसला की उत्तर डोक्यातून काढायचो. नर्सिंगलाही तसंच केलं. या परीक्षेत डोक्यातून काही काढायचंच नाही. प्रत्येक उत्तर समोरच्या उताऱ्यात आहे आणि तुला त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर नाही, तुझं मत आहे. सहावर अडकलेल्या ज्या ज्या मुलींचे पेपर मी पाहिले, त्यांचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्या ओळ न शोधता उत्तर लिहीत होत्या.

हे सगळ्यात जास्त टोचतं ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन या प्रकारात. दिलेलं विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं की उताऱ्यात त्याबद्दल काही दिलेलंच नाही, ते सांगायचं असतं. आपल्याच भागातलं उदाहरण घे. समज, उताऱ्यात एवढंच आहे: ‘केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली नागपूरला स्थापन झाली. कोइंबतूर आणि सिरसा इथे तिची प्रादेशिक केंद्रं आहेत.’ आता तीन विधानं. पहिलं, संस्थेचं नागपूरबाहेरही केंद्र आहे. ट्रू, दुसऱ्या वाक्यावर बोट ठेव. दुसरं, संस्थेचं काम फक्त नागपुरातून चालतं. फॉल्स, कारण तेच वाक्य या विधानाला खोटं पाडतं. तिसरं, विदर्भात कापूस भरपूर पिकतो म्हणून संस्थेसाठी नागपूर निवडलं. तू लगेच ट्रू म्हणशील. वावरात पऱ्हाटी बघतच आपण मोठ्या झालो, आपल्याला ते खरंच वाटणार. पण उताऱ्यात कारण दिलंय का? नाही. म्हणून नॉट गिव्हन. तू सांगतेस ते जगात खरं असेलही, पेपर ते विचारत नाही.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत गोंधळ झाला की स्वतःला एकच प्रश्न विचार: या विधानाला खोटं पाडणारी ओळ मला दाखवता येते का? दाखवता आली तर फॉल्स. विषय तोच चाललाय, पण नेमक्या या मुद्द्यावर उतारा गप्प आहे, तर नॉट गिव्हन. ऑल, ओन्ली, ऑलवेज, मोस्ट, फर्स्ट असे शब्द विधानात दिसले की तिथे थांब. उतारा बहुतेक वेळा ‘काही’ किंवा ‘कधीकधी’ म्हणत असतो. या प्रकारातले प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात. चौथ्याची ओळ सापडली आणि सहाव्याचीही सापडली, तर पाचव्याचं उत्तर त्या दोघींच्या मधेच असणार. तेवढा भाग दोनदा वाच, मिळालं नाही तर नॉट गिव्हन लिही आणि पुढे हो. नसलेली ओळ शोधत बसण्यातच तुझा तिसरा उतारा जातो. येस, नो, नॉट गिव्हन असं दिलं असेल तर लेखकाचं मत किंवा दावा विचारलाय हे लक्षात ठेव, बाकी रीत हीच.

वेळेची वाटणी. सगळे म्हणतात तीन उताऱ्यांना वीस-वीस मिनिटं. मला ते पटत नाही, कारण उतारे पुढे पुढे कठीण होत जातात. पहिल्याला १७, दुसऱ्याला २० आणि उरलेली २३ तिसऱ्याला, असं कर. घड्याळ झालं की एक-दोन प्रश्न राहिले तरी पान उलट. आधी उतारा भराभर नजरेखालून घाल, दोन-तीन मिनिटं बस. प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे एवढं कळलं की झालं. अनोळखी शब्दावर अडायचं नाही. वॉर्डात तू पेशंटची जाडजूड फाईल उघडून कालचा पोटॅशियमचा रिपोर्ट शोधतेस, तेव्हा पहिल्या पानापासून वाचत बसत नाहीस. इथेही नाव, साल, आकडा, मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द पकडून थेट जागेवर जायचं आणि तिथे पोचलीस की मात्र सावकाश, शब्द न् शब्द वाचायचं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा मिळेल ही आशा ठेवू नकोस. तो बदललेला असतो, म्हणून अर्थ शोध.

गाळलेल्या जागांत हातचे गुण जातात, त्याचा मला खरंच जीव तुटतो, कारण उत्तर सापडलेलं असतं. सूचनेत ‘वन वर्ड ओन्ली’ असेल तर दोन शब्द लिहिले की गुण गेला. आधी ‘द’ लावलंस तर तोही एक शब्द मोजतात. जोडरेघेचा शब्द एकच धरतात. शब्द उताऱ्यातलाच उचलायचा, आपला घालायचा नाही आणि त्याचं रूपही बदलायचं नाही. स्पेलिंग चुकलं की गुण नाही. ब्रिटिश, अमेरिकन दोन्ही चालतात. आपल्या मुलींचा शेवटचा ‘एस’ नेहमी सुटतो. उताऱ्यात अनेकवचन आहे आणि तू एकवचन लिहिलंस तर चूक. लिहिल्यावर पूर्ण वाक्य मनात एकदा वाच, व्याकरणात बसत नसेल तर शब्द चुकलाय.

परिच्छेदाला शीर्षक जुळवायचे प्रश्न आले तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य नीट वाच. परिच्छेदातला एखादा शब्द शीर्षकात दिसला म्हणून भुलू नकोस. तो एका वाक्यापुरता असतो आणि शीर्षक अख्ख्या परिच्छेदाचं हवं. ‘ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे’ हा प्रकार क्रमाने येत नाही, म्हणून तो त्या उताऱ्याच्या शेवटी ठेव. तोवर बाकीचे प्रश्न सोडवून उतारा तुझ्या ओळखीचा झालेला असतो. पर्यायांच्या प्रश्नांत चुकीचे तीन खोडत जा.

सरावाचं सांगते, कारण तू रोज एक पेपर सोडवतेस असं लिहिलंस. ते बंद कर. पेपर संपत जातात आणि चुका त्याच राहतात. आठवड्याला दोन पेपर पुरेत, पण घड्याळ लावून, सलग ६० मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेऊन बस आणि ४० च्या ४० उत्तरांच्या ओळी पेन्सिलने अधोरेखित कर, बरोबर आलेल्यांच्याही. मग एका वहीत चुका तीन रकान्यांत लिही: ओळ सापडलीच नाही, ओळ सापडली पण वाचताना चुकलं, उत्तर माहीत होतं पण शब्दमर्यादेत किंवा स्पेलिंगमध्ये गेलं. पहिला रकाना भरला तर शोधण्याचा सराव कमी आहे. दुसरा भरला तर लांब वाक्यं तोडून वाचायला शिक. कर्ता कोण, क्रियापद कोणतं, ‘नॉट’ किंवा ‘अनलेस’ कुठे लपलाय ते बघ. तिसरा भरला तर आनंद मान, तो आठवडाभरात रिकामा होतो.

गावात रात्री नेटवर्क नसतं हे मला माहीत आहे. यवतमाळला ड्यूटीवर असताना लेख उतरवून घे आणि घरी किंवा एसटीत वाच. द कन्व्हर्सेशनवरचे लेख फुकट आहेत आणि या परीक्षेच्या उताऱ्यांच्या जवळचे आहेत. आपल्या कामाचेच नको. प्राणी, पुरातत्त्व, शहरांचं पाणी, असलं काहीही वाच. प्रत्येक परिच्छेद झाला की मराठीत एका वाक्यात म्हण, तो काय सांगतो. परीक्षा संगणकावर देणार असशील तर सरावही मोठ्या पडद्यावर हवा. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, दोन्ही वेगवेगळे वरखाली करावे लागतात. ओळ रंगवायची सोय असते. गावाजवळच्या एमएससीआयटीच्या सेंटरवर आठवड्यातून दोनदा तासभर बसू देतात का ते विचार.

आता क्लास. फक्त रीडिंगसाठी बाबांना सोयाबीन विकायला लावू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. रीडिंगची उत्तरं पुस्तकामागे छापलेली असतात, स्वतःला तपासता येतं. पैसा खर्च करायचाच तर रायटिंगवर कर. निबंध जाणत्या माणसाने तपासून द्यावा लागतो. ‘पक्का सात देतो’ किंवा ‘पेपर आधी मिळेल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.

ओईटीबद्दल. फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे, पण उतारे सगळे आरोग्यातले. रीडिंगला ४२ प्रश्न: अ भागात चार छोटे मजकूर, २० प्रश्न आणि फक्त १५ मिनिटं, तो भाग मग काढून घेतात, ब आणि क भागांना मिळून ४५ मिनिटं. कौन्सिलला ५०० पैकी रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ३५० आणि रायटिंगला ३०० लागतात. तुझ्यासारख्या काम करणाऱ्या मुलीला तो मजकूर ओळखीचा वाटेल. पण तिथे मोह जास्त असतो. डोस, जखमेची ड्रेसिंग, इन्फेक्शन, सगळं तुला आधीच ठाऊक असतं आणि हात आपोआप माहितीतलं उत्तर लिहितो. समोरच्या कागदावरची सूचना तुझ्या दवाखान्याच्या पद्धतीपेक्षा वेगळी असू शकते, आणि गुण कागदाला आहेत.

म्हणून आत्ता परीक्षा बदलू नकोस. आधी दोन पेपर मी सांगितले तसे सोडव, चुकांच्या वहीचे फोटो पाठव. पहिला रकाना जड असेल आणि अनोळखी विषयांतच अडत असशील तर ओईटीचा विचार करू. दुसरा जड असेल तर परीक्षा बदलून काही फरक पडणार नाही. आणि पासपोर्ट अजून काढला नसेल तर तो अर्ज या आठवड्यातच कर. परीक्षेची नोंदणी त्यावरच होते. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर नाव अगदी सारखं आहे ना, तेही तपास.