म्हैस विकायची की ठेवायची?

माण तालुक्यातल्या मायलेकी माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला विचारायला आल्या होत्या. नाव-गाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत. खुर्चीत टेकायच्या आधीच आईनं विचारलं, "मॅडम, एक म्हस इकू का? पोरीच्या फीचं पैसं आत्ताच भराय लागत्यात म्हनं."

मुलीला बाळंतपणं करणारी नर्स व्हायचंय. आपल्याकडे त्यासाठी नर्सिंगमधूनच जावं लागतं. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. हिची बारावी सायन्सची, नर्सिंगची सीईटीही दिलेली, म्हणून बी.एस्सी.चाच हट्ट.

"आत्ताच भरा असं कोण म्हणालं?" असं विचारल्यावर पिशवीतून एक लग्नपत्रिका निघाली. मागच्या कोऱ्या बाजूला कुणा एजंटानं लिहून दिलेलं: 'डायरेक्ट सीट, आधी 1 लाख.' खाली दोन रेघा. असे कागद मी बरेच पाहिलेत. पावती कधीच नसते.

घर ओबीसी, वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी: सीट केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सरकारी प्रवेश यादीतून, मिळालेली हवी. म्हणजे एजंटाच्या 'डायरेक्ट सीट'साठी लाख मोजून यांनी हीच सवलत घालवली असती!

उरला हॉस्टेल-मेसचा खर्च. तो मुलीलाच मांडायला लावला. मेस महिना साडेतीन हजार. एका म्हशीचं दूध डेअरीला घालून, पेंड-चारा वजा जाता हातात पडतात चारेक हजार. "मावशी, म्हैस विकलीत तर मेसचं बिल कोण भरणार?" बाई पहिल्यांदाच हसली.

शैक्षणिक कर्जाचंही सांगून ठेवलं. 4 लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही, पालक सहकर्जदार लागतात, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. त्यामुळे सीट लागेपर्यंत बँकेची पायरी चढू नका म्हटलं.

मला खरी धास्ती पैशाची नव्हतीच. जातीचा दाखला होता, पण त्याच्या पडताळणीचा, म्हणजे तो खरा असल्याच्या सरकारी तपासणीचा, अर्जच केलेला नव्हता. तो त्याच आठवड्यात भरायला लावला. सोबत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि बँक खातं आधारला जोडणं.

प्रवेश प्रक्रियेच्या दुसऱ्या राउंडला सीट लागली. पडताळणीचं प्रमाणपत्र त्याआधी चारच दिवस हातात आलेलं. पेढ्यांऐवजी आईचा फोन आला, "म्हस गाबन हाय ओ. दोन-तीन महिनं आटंल. तवा मेसचं काय?"

हे माझ्या हिशेबात नव्हतं. पुन्हा कागद काढला. तीन महिन्यांचे साडेदहा हजार, तेवढे बचत गटातून उचलायचे आणि म्हैस व्यायल्यावर डेअरीच्या पगारातून फेडायचे, असं ठरलं.