बेंबीतली कडक गाठ पोटातल्या कॅन्सरची खूण असू शकते का?

आईंचं वय ५८, बेंबीत महिनाभर वाटाण्याएवढी कडक गाठ, दुखत नाही, जवळच्या डॉक्टरांनी मलम दिलंय आणि नेटवर तुम्ही नको ते वाचलंत, असा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, सर्जरी वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते.

असू शकते, पण बहुतेक वेळा नसते. बेंबीत हर्निया येतो, साठलेल्या मळाचा खडा होतो. हर्निया सहसा मऊ असतो, आडवं होऊन दाबला की आत जातो, खोकलं की फुगतो. तुम्ही सांगताय ती गाठ कडक, न हलणारी. म्हणून मलमावर थांबू नका.

पोटातला कॅन्सर पसरून बेंबीत गाठ आली तर तिला ‘सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल’ म्हणतात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात या सिस्टर मेरी जोसेफ सर्जन डॉ. विल्यम मेयोंना ऑपरेशनात मदत करत. बेंबीत अशी गाठ असलेल्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. मेयोंनी १९२८ मध्ये ते छापलं. सिस्टरचं नाव गाठीला मिळालं १९४९ मध्ये, त्या जाऊन १० वर्षं झाल्यावर. आमच्या जमातीचं असंच असतं!

मीही एकदा ती गाठ पाहिली. पोट फुगतं म्हणून दाखल झालेल्या एक मावशी. ऑपरेशनआधी बेटाडीनचा बोळा बेंबीत फिरवला तर आत खडा लागला. “ते होय, दोन महिने आहे की,” म्हणाल्या. कुणी विचारलंच नव्हतं. कॅन्सर ओव्हरीचा निघाला. बायकांत बरेचदा तोच असतो, पुरुषांत जठराचा. मोठ्या आतड्याचा किंवा स्वादुपिंडाचाही असतो.

डाव्या हासळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर गाठ लागली, किंवा डोळे पिवळे होऊन अंगाला खाज सुटली, तर तेही पोटाकडेच बोट दाखवू शकतं.

या आठवड्यात सर्जनला दाखवा. पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी होईल आणि त्या गाठीतूनच सुईने नमुना घेता येतो, त्यासाठी पोट उघडावं लागत नाही. जाण्याआधी आईंना घरीच विचारून ठेवा: पोट गच्च वाटतं का, दोन घासांत भरतं का, ब्लाउज सैल झालेत का. डॉक्टरांपुढे त्या “काही नाही हो” म्हणतील.